जास्तीच्या कागदाची जबाबदारी कोणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कार्यालयांच्या आवारात गर्दी उसळते. प्रवेशाला उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला हवा असतो आणि हाताशी दिवस थोडे असतात. आवारातच मुद्रांक विक्रेता, त्याच्या शेजारी टंकलेखक, पलीकडे नोटरी. ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की’ हा मजकूर संगणकात तयारच असतो. नाव, गाव आणि उत्पन्नाचा आकडा बदलला की झाले. पुष्कळदा ‘देतो/देते’ यांतला नको तो शब्दही कोणी खोडत नाही. मजकूर न वाचताच सही होते, शिक्का उमटतो आणि अर्ज खिडकीत जातो.

या कामासाठी मुद्रांकाची गरजच नाही. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयांत सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 1 जुलै 2004 च्या अधिसूचनेने माफ केले आहे. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने पुढचे पाऊल टाकले. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले असेल तेवढी प्रकरणे सोडून इतरत्र साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरले. तरीही मुद्रांक मागितला जात राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी 500 रुपयांचा आला, तेव्हा ओरड झाली आणि वीस वर्षांपूर्वी दिलेली माफी सरकारला नव्याने सांगावी लागली. ज्या मजुराच्या घरात दिवसाच्या रोजावर चूल पेटते, त्याला हे पाचशे रुपये आणि बुडालेला रोज दोन्ही सोसावे लागतात. तेही कुटुंबाचे उत्पन्न तुटपुंजे आहे हे सिद्ध करण्यासाठी.

असे का होते, याचे उत्तर कारकुनाच्या दुष्टपणात शोधणे सोपे आहे. माझ्या मते ते चुकीचे आहे. त्याच्या खुर्चीवरून पाहावे. उद्या दाखला खोटा निघाला, तर पहिला प्रश्न येतो तो नस्तीत कागद पूर्ण होते का, हा. कागद कमी असले तर नोटीस, खुलासा, चौकशी. जास्तीचा कागद मागितला म्हणून मात्र सहसा कोणाला जाब विचारला जात नाही. एका बाजूला पुरता धोका आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा वेळी शहाणा माणूस कागद वाढवतो. नियम व्यवहारात कसा उतरेल हे त्याच्या हेतूपेक्षा, चूक झाल्यावर झळ कोणाला बसते यावर ठरते. म्हणून वरून शिथिल केलेला नियम खिडकीपाशी येईपर्यंत पुन्हा घट्ट होतो.

‘अटी सैल केल्या तर खोटे दाखले वाढतील,’ हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. खोट्या दाखल्यामुळे खऱ्या गरजूची जागा जाते. पण मुद्रांकाने खोटे थांबत नाही. खोटे लिहिणारा साध्या कागदावर जे लिहील, तेच पाचशेच्या कागदावरही लिहील. खोट्या स्वयंघोषणेवरही फौजदारी कारवाई होऊ शकते. खोटे पकडले जाते ते तपासणीने: तलाठ्याच्या चौकशीने, सातबाऱ्याने, पगारपत्रकाने. हे काम कार्यालयाचे आहे. त्याची जागा नोटरीच्या शिक्क्याने भरली, की तपासणी केल्याचे समाधान मिळते आणि तपासणी राहून जाते.

उपाय आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच मिळाली पाहिजे, सेवा मुदतीत दिली पाहिजे आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी कळवले पाहिजे. त्यावर अपील करता येते, दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ‘आधी कागद पुरे करून आणा’ असे तोंडी सांगून अर्जच परत केला, तर पोच नाही, मुदत सुरू होत नाही, कारण लिहावे लागत नाही आणि अपिलाला आधार उरत नाही. चांगला कायदा या एका तोंडी वाक्यापाशी निष्प्रभ होतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. आलेला अर्ज घेतलाच पाहिजे. त्रुटी असेल तर ती कोणत्या नियमाखाली आहे, हे सहीनिशी लिहून दिले पाहिजे. ठरवून दिलेल्या कागदपत्रांच्या यादीबाहेरचा कागद मागणाऱ्याला खुलासा विचारला जावा आणि यादीप्रमाणे दाखला देणाऱ्याला, पुढे अर्जदार खोटा ठरला तरी, संरक्षण मिळावे. यातली दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण घाबरलेला कर्मचारी नागरिकाला सवलत देऊ शकत नाही. सवलतीचे परिपत्रक काढताना तिच्या पालनाची जबाबदारी कोणावर, हेही त्याच परिपत्रकात लिहिले गेले पाहिजे. तोवर नियम बदलल्याचे श्रेय सरकारने घेऊ नये.