ओझे उतरले, मग भाकरीचे काय?

हिंगोली आणि वसमत या बाजारपेठा हळदीसाठी ख्यातनाम आहेत. हंगामात हळदीची पोती तेथे हमालांच्या पाठीवरून गाडीतून वखारीत आणि वखारीतून गाडीत जातात. इतरत्र मात्र अशी कामे यंत्रमानव करू लागले आहेत. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने २०१२ साली यंत्रमानव बनविणारी 'किवा' ही कंपनी विकत घेतली. २०२५ साली तिच्याकडील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर पोहोचली. आपल्या देशात फ्लिपकार्टने २०१९ साली बंगळूर येथे पार्सले वेगळी करण्याच्या कामी अशी यंत्रे लावली. हळदीच्या वखारीतही ती आली, तर आपण त्यांचे स्वागत करावे काय?

ओझे वाहणे हा काही सद्गुण नव्हे. श्रमप्रतिष्ठेचे गोडवे गाणाऱ्या आम्हांपैकी बहुतेकांनी पोते कधी पाठीवर घेतलेले नसते. प्रौढ पुरुषाला ५५ किलोंहून अधिक भार वाहावा लागू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सुचविले आहे. हमालाची पाठ वाचत असेल, तर श्रमाच्या नावाने यंत्राला विरोध करण्याचा आम्हांला अधिकार नाही.

परंतु पोत्याबरोबर त्याची भाकरीही उतरते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या विश्वपत्रात शिकविले, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे; आणि उत्पादनाची साधने ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाचे फळ आहेत. म्हणजे यंत्रमानव विकत घेणारा मालक एकटाच त्याच्या लाभाचा धनी ठरत नाही.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यान्वये मालक मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतो. तीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी व इतर लाभ मिळतात. ही लेव्ही मजुरीच्या प्रमाणात असते. यंत्राला मजुरी नाही, म्हणून लेव्हीही नाही. खरा नैतिक पेच येथे आहे. ही आकारणी पाठी मोजून न करता वखारीतून हललेली पोती मोजून करावी, असे आम्हांस वाटते. त्यातून आजच्या हमालाला आधार आणि त्याच्या मुलांना यंत्र चालविण्याचे शिक्षण मिळू शकेल.

न केलेल्या कामाचे पैसे कशासाठी, असे कोणी विचारील. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजूर दिवस मावळेपर्यंत बाजारात उभे होते. ते आळशी नव्हते, त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. धन्याने त्यांनाही पूर्ण दिवसाचे वेतन दिले. दाखला हा कायदा नव्हे, आणि त्या धन्याचे औदार्य कोणावर सक्तीने लादता येत नाही. तरीही त्या मजुरांच्या घरीही चूल पेटायची आहे, हे त्याने ओळखले होते. बाजारात रिकामे उभे राहणाऱ्या हमालाकडे पाहताना आम्हां ख्रिस्ती माणसांना, आणि आमच्यातील व्यापाऱ्यांना तर विशेषच, एवढे तरी ओळखता आले पाहिजे.