पंचसूना

मागच्या जानेवारीत पत्नीला छातीच्या डॉक्टरांकडे नेले होते. डॉक्टर तरुण होते, शांतपणे माहिती भरून घेत होते. वय, वजन, रक्तदाब झाल्यावर त्यांनी विचारले, "माताजी, धुएँ से कोई वास्ता? चूल्हा, सिगड़ी?" ती म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून बारा वर्षे कोळशाची सिगडी पेटवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "और आप क्या करते थे?" मी सांगितले, "कोक ओव्हन. 37 वर्षे."

त्यांनी दोन्ही उत्तरे लिहून घेतली. तिच्या दम्याचे खापर कशावरही फोडले नाही. श्वासाचे आजार एका कारणाने होत नाहीत, हे त्यांनी नीट समजावले, इनहेलर कसा ओढायचा ते शिकवले आणि आम्ही स्मृति नगरला घरी आलो. पण त्यांचा तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. धुराशी माझा संबंध काय? मी त्यात उभा राहिलो एवढाच, की मी तो केला?

माझे वडील 1958 साली भंडाऱ्याहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले. तिथली पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा ते त्या गर्दीत होते. मी 1980 साली कोक ओव्हनला लागलो. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. विटांच्या उंच, अरुंद खोल्यांची लांबच लांब रांग असते, तिला आम्ही बॅटरी म्हणतो. त्या खोल्यांत दगडी कोळसा हवा लागू न देता हजार अंशांच्या वर सोळा-अठरा तास भाजतात. मग दार उघडते, पुशर तो लालभडक कोक बाहेर ढकलतो, त्यावर पाणी पडते आणि वाफेचा पांढरा ढग आभाळात चढतो. बॅटरी एकदा तापली की आयुष्यभर थंड करायची नसते, नाहीतर आतल्या विटा तडकतात. दिवाळी असो, संप असो, 2020 ची टाळेबंदी असो, तिची आग विझत नाही. घरातल्या अग्निहोत्रासारखीच ती जपावी लागते, असे माझे वडील म्हणत.

एक टन वितळलेले लोखंड काढायला साधारण अर्धा टन कोक लागतो. खनिज येते दल्ली राजहराहून, चुनखडी नंदिनीहून. कोळसा येतो झरियासारख्या ठिकाणांहून, जिथे जमिनीच्या पोटात 1916 पासून आग धुमसते आहे आणि तिच्यावर माणसे राहतात. हे सगळे रेल्वेने येते, आणि त्यातून रेल्वेचेच रूळ होतात. भिलाईत आज 130 मीटरचा एकसंध रूळ निघतो. दोन जोडून 260 मीटरचा करतात. गाडीने नागपूरला जाताना चाकांचा आवाज ऐकून माझा ऊर आजही भरून येतो. या देशाला रूळ हवे होते आणि ते आम्ही दिले. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, आणि तसे खोटे मी लिहिणार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारतात एक टन पोलाद बनताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 2019 साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत छत्तीसगडची तीन नावे आली: रायपूर, कोरबा आणि भिलाई. आमच्याकडे पौष-माघात जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वर उबदार थर येतो आणि झाकण ठेवल्यासारखा सारा धूर खाली कोंडतो. त्या धुरात भट्ट्यांचा वाटा असतो, जीई रोडवरच्या ट्रकांचा असतो, वीजघरांचा असतो, आणि कोपऱ्यावर पालापाचोळा व टायर पेटवून शेकणाऱ्यांचाही असतो. तो कोणी एकाचा नसतो, म्हणूनच तो आपला आहे असे कोणी म्हणत नाही.

इथे मला वडिलांचा वैश्वदेव आठवतो. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये बी शिफ्टला जाण्याआधी ते जेवायला बसत. त्याआधी तांब्याच्या छोट्या कुंडात गोवरीचा निखारा ठेवून तूपभाताच्या आहुती देत, आणि मग बाहेर कावळ्यासाठी घास ठेवत. मी सात-आठ वर्षांचा असताना विचारले, हे कशासाठी? ते म्हणाले, "पंचसूनांसाठी." मला ऐकू आले 'पाच सुना'. आपल्या घरात तर एकच सून आहे, माझी आई, या विचाराने मी बुचकळ्यात पडलो. मग त्यांनी सांगितले. सूना म्हणजे जिथे जीव मारला जातो ती जागा. प्रत्येक घरात अशा पाच जागा असतात: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. स्वयंपाक केला की किडा-मुंगी मरणारच. ते पाप कोणी ठरवून करत नाही, आणि ते टाळून घरही चालत नाही. म्हणून रोज त्याची भरपाई करायची.

हा विचार मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्या ग्रंथाने माणसामाणसांत जी उतरंड रचली, तिच्यासाठी 1927 साली महाडला त्याची होळी झाली आणि ती योग्यच होती. वडिलांकडून मिळालेला हा एक विचार मात्र मी त्या राखेतून उचलून घेतो, आणि त्यातला दोषही पाहतो. माझे लहानपणीचे ऐकणे चुकीचे होते तरी खरे निघाले. चूल, जाते, केरसुणी, उखळ, घडा ही पाचही आईच्या हातातली होती. डोळ्यांत धूर तिच्या जायचा, आहुती मात्र वडील द्यायचे. पाप एकाच्या हातून घडते, झीज दुसऱ्याच्या अंगाला लागते आणि भरपाईचे पुण्य तिसऱ्याच्या नावावर जमा होते. आजच्या हवेचा प्रश्न मला नेमका हाच वाटतो. उजेड आणि वेग ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांच्याच छातीत तो धूर जात नाही. तो आमच्या भिलाईतल्या खुर्सीपारच्या एका खोलीत झोपणाऱ्याच्या, सुपेल्याच्या चौकात दिवसभर उभ्या असलेल्या वाहतूक शिपायाच्या, झरियातल्या आणि कोरब्यातल्या पोराच्या छातीत जातो.

मग जे केल्यावाचून जगताच येत नाही, ते पाप म्हणायचे का? माझ्या वयाचे सोबती गीतेचा आधार देतात. अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की आपल्या वाट्याचे सहज कर्म सदोष असले तरी सोडू नये, कारण धूर जसा आगीला वेढून असतो तसा दोष प्रत्येक आरंभाला वेढून असतो. मी त्या आगीजवळ आयुष्य काढले आहे, म्हणून हा दृष्टांत मला अंगावर भाजल्यासारखा कळतो. पण त्यात फक्त एवढे सांगितले आहे की धुराला भिऊन आग विझवू नकोस. धूर नाहीच असे समज, किंवा तो कोणाच्या घरात जातो ते पाहू नकोस, असे भगवंतांनी कुठेही सांगितलेले नाही. अठराव्या अध्यायातला हा श्लोक ज्याला हवा, त्याने तिसऱ्या अध्यायातला यज्ञही घ्यावा. तिथे केवळ स्वतःपुरते शिजवणाऱ्याला पाप खाणारा म्हटले आहे.

या यज्ञाचा सर्वांत सरळ अर्थ मला विनोबांकडे मिळाला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा सांगतात की आपण सृष्टी वापरतो, ती झिजते, आणि ती झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ. वैश्वदेव हे त्याचे घरगुती रूप होते. आज मी कुंडात भात टाकला तर मनाला बरे वाटेल, पण सुपेल्याच्या चौकातली हवा तशीच राहील. झीज जिथे झाली तिथेच भरली पाहिजे, आणि जेवढी झाली तेवढी. बाकी सारे स्वतःची समजूत काढणे आहे.

म्हणून मी माझ्या घरातल्या आजच्या पाच सूना शोधल्या. चाक, बटण, भिंत, काडी आणि दारात येणारे पार्सल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सुमारे 0.7 किलो, कारण ती बहुतेक कोळशाची आहे. पण मला हादरवले ते भिंतीने. 1996 साली स्मृति नगरात हे घर बांधताना चार टन सळई लागली. म्हणजे नुसत्या लोखंडाचा दहा टन वायू. माझ्या स्कूटरने तेवढा करायचा तर ती पावणेदोन लाख किलोमीटर चालवावी लागेल. पन्नास वर्षांतही ती तेवढी चालणार नाही. डोळ्यांना दिसणारा धूर लहान होता, आणि मी ज्यात निजतो ती भिंत मोठी होती.

हे कळल्यावर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मुलगा वरचा मजला पाडून नवा बांधणार होता. आम्ही तो पाडला नाही, दुरुस्त केला. जिथे सिमेंट लागले तिथे झोतभट्टीच्या स्लॅगचे सिमेंट आणि राखडीच्या विटा घेतल्या. माझ्याच भट्ट्यांचा उष्टा भाग पुन्हा कामी आला, याचे समाधान फार मोठे आहे. नागपूरला आम्ही आता कारने जात नाही, रेल्वेने जातो, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक रबरी टायरपेक्षा फार कमी ऊर्जा खाते. पार्सल महिन्यातून एकदाच, सगळे एकत्र मागवतो. गल्लीत कचऱ्याला काडी लागू नये म्हणून ओला कचरा खड्ड्यात जातो, आणि रात्रीच्या चौकीदाराला आम्ही चार घरांनी मिळून जाड कांबळे आणि विजेची शेगडी दिली, म्हणजे त्याला टायर पेटवावे लागणार नाहीत.

एका घराने हवा बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. भारताचे मानक सूक्ष्म धूलिकणांना वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा देते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ती मर्यादा 5 वर आणली. हे अंतर कारखान्यांच्या चिमणीवर, ट्रकांच्या इंधनावर आणि वीजघरांवरच कमी होईल, आणि ते करून घेणे सरकारचे काम आहे. ते मागताना आपला आवाज खणखणीत हवा. पण जो स्वतःची सूना मान्य करतो, त्याचाच आवाज तसा निघतो. जो म्हणतो की धूर दुसऱ्याचा आहे, त्याला दुसराही तेच उत्तर देतो.

वाचकहो, एक कागद घ्या आणि आपल्या घरातल्या पाच सूना लिहा. प्रत्येकीसमोर तिचा धूर कोणाच्या श्वासात जातो, त्या माणसाचे नाव लिहा. नाव माहीत नसेल तर त्या वस्तीत जाऊन या. भरपाई काय करायची, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.