बदकाचे कूळ आणि सिद्धेश्वरचे पाणी

पाळीव बदकाचे मूळ शोधायला जवळा बाजारहून फार लांब जावे लागणार नाही, असे वाटू शकते. गाव औंढा नागनाथ तालुक्यातले, पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरणही त्याच तालुक्यात, आणि अशा पाण्यावर बारा महिने राहणारे बदक म्हणजे हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीचे टोक पिवळे, चोचीच्या बुडाशी दोन लाल ठिपके, पाय लाल, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी. हळद पिकवणाऱ्या मुलखाला शोभेल असेच हे पाखरू. काठच्या गवतात अंडी घालते, माणसाच्या शेतशिवारालगत वाढते. अंगणातले बदक याच्याच पोटी जन्मले असेल, असा तर्क कोणीही करील. पण तो टिकत नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळाही लागत नाही. खाकी कॅम्पबेल किंवा पांढऱ्या पेकिन जातीचा नर समोर घ्या आणि त्याची शेपटी नीट पाहा. मधली काही पिसे वर वळून आकड्यासारखी झालेली दिसतील. हळदी-कुंकू बदकाच्या नराला अशी पिसे नसतात. त्यांच्यात नर कोणता आणि मादी कोणती हे दुरून सांगणेही अवघड. वळलेली पिसे ही मॅलार्डची खूण. हिरव्या डोक्याचे हे बदक उत्तरेकडच्या प्रदेशांत वीण करते आणि हिवाळ्यात आपल्याकडे उतरलेच तर क्वचित. चार्ल्स डार्विनने 1868 च्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात याच पिसांकडे बोट दाखवले होते. त्याआधी त्याने हाडेही तोलून पाहिली होती. सांगाड्याच्या मानाने पाळीव बदकाच्या पंखांची हाडे रानबदकापेक्षा हलकी, पायांची जड. उडणे कमी झाले, चालणे वाढले, त्याचा हिशेब हाडांत उतरला.

जनुकांच्या वाचनाने डार्विनचा निष्कर्ष बदलला नाही, उलट पक्का केला. पेकिन बदकाचे पांढरेपण एमआयटीएफ नावाच्या जनुकातल्या एका बदलातून येते आणि त्याच्या थोराड अंगामागे दुसऱ्या एका जनुकाचे नियमन बदलणे आहे, हे 2018 साली चिनी संशोधकांनी दाखवले. आपल्याला अगदी वेगळा वाटणारा तो पांढराशुभ्र पक्षी जनुकांच्या दृष्टीने मॅलार्डपासून फारसा लांब गेलेलाच नाही. पुढचे सगळे म्हणणे या मुद्द्यावर उभे आहे.

मग हळदी-कुंकू बदक आपण का पाळले नाही? माझ्या मते याचे उत्तर पक्ष्यात नाही, पिकात आहे. बदक माणसाशी जुळले ते पाण्यात उभ्या राहणाऱ्या भातामुळे. केरळच्या कुट्टनाडात कापणी झालेल्या खाचरांतून आजही बदकांचे कळप हिंडवतात; सांडलेला दाणा, गोगलगायी, किडे यांवर ते पोसले जातात. आसामची पाती, बिहारची मैथिली या नोंदणी झालेल्या जातीही भाताच्या आणि तळ्यांच्या मुलखातल्या. मराठवाड्यात काळी जमीन, ज्वारी, कापूस, तूर. नदी पावसाळ्यापुरती. इथे बदकाला वर्षभर राबवायला काही कामच नव्हते. प्राणी पाळीव होण्यासाठी रानातला पूर्वज शेजारी असून भागत नाही, त्याला आपल्या शेतीत जागा लागते.

गावरान कोंबडीचेही असेच. ‘गावरान’ म्हणताना आपल्या मनात ‘इथलीच’ असते. पण तिचा मुख्य पूर्वज, लाल रानकोंबडा, पाळीव झाला तो आग्नेय आशियाच्या बाजूला. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचा तिच्यातला वाटा छोटा, पण गमतीचा: पिवळी कातडी देणारे जनुक त्याच्याकडून आले, हे 2008 साली सिद्ध झाले. कोंबडीचे पिवळे पाय म्हणजे दक्षिणेकडच्या जंगलाची देणगी. शुद्ध देशी रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा ते पाय निरखून पाहावेत.

हे सगळे नुसते कुतूहल म्हणून सोडून देता आले असते. पण जानेवारी 2021 मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि कारण बर्ड फ्लू निघाले. या विषाणूंचे जुने घर म्हणजे रानातले पाणपक्षी, त्यांत मॅलार्डचे कूळ अग्रभागी. बदकांच्या शरीरात विषाणूची चाहूल घेणारे आरआयजी-आय हे जनुक आहे. कोंबडीच्या वंशातून ते कधीच गळून पडले. त्यामुळे पुष्कळदा तोच विषाणू बदकाच्या अंगात राहतो, त्याला फारसे काही होत नाही, आणि कोंबडीचे खुराडे मात्र रातोरात ओस पडते. पाळल्याने हा गुण गेला नाही. ज्या आवारात कोंबड्या आहेत त्याच आवारात बदके सोडणे, आणि ती बदके धरणावर रानपक्ष्यांत मिसळू देणे, म्हणजे विषाणूला जाण्यायेण्याची वाट करून देणे.

दुसरी गोष्ट उशिरा कळते, म्हणून जास्त धोक्याची. मॅलार्ड आणि हळदी-कुंकू बदक एकाच कुळातले, अगदी जवळचे. या कुळातल्या जाती एकमेकींत सहज मिसळतात आणि त्यांची पिल्ले पुढे वंश चालवू शकतात. न्यूझीलंडमध्ये शिकारीच्या हौसेने बाहेरून आणलेल्या मॅलार्डने तिथले राखी बदक संकरातून जवळजवळ गिळून टाकले. हवाई बेटांवरच्या कोलोआ बदकाचे बहुतेक ठिकाणी तेच झाले, कौआई बेटावर ते निभावले. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात तर शिकारीसाठी पैदास करून सोडलेल्या मॅलार्डची जनुके तिथल्या रानातल्या मॅलार्डमध्येच पसरली आहेत. इथे कोणी कोणाला मारत नाही. पक्षी पाण्यावर दिसतच राहतात, फक्त ते पूर्वीचे राहत नाहीत.

कालव्याचे पाणी आले, शेततळी झाली, आणि जोडधंदा म्हणून बदकपालनाचा सल्ला आता मराठवाड्यातही दिला जातो. तो सल्ला मला चूक वाटत नाही. वर्षाला 300 च्या आसपास अंडी देणारे खाकी कॅम्पबेल हे छोट्या शेतकऱ्याला नाकारता येण्यासारखे पाखरू नव्हे. माझी हरकत मोकळ्या पाण्याला आहे. शेततळ्याला कुंपण आणि वर जाळी, कोंबड्यांचे खुराडे वेगळे, आणि धरणाच्या किंवा पाझर तलावाच्या पाण्यात पाळीव बदक सोडायचे नाही, एवढे पशुसंवर्धनाच्या सल्ल्यातच आले पाहिजे. वनखाते आणि पशुसंवर्धन खाते यांनी हे एकत्र बसून ठरवायला हवे.

जात निवडतानाही नेहमीचा हिशेब उलटा करावा लागतो. लाल, खडबडीत चेहऱ्याचे मस्कोव्ही बदक अमेरिका खंडातले, मॅलार्डच्या कुळाबाहेरचे. पाळीव बदकाशी त्याचा संकर झाला तर होणारी पिल्ले वांझ निघतात, वंश तिथेच थांबतो. विषाणूचा प्रश्न त्यानेही सुटत नाही, जाळी आणि कुंपण त्यालाही हवेच. पण केवळ जनुकांपुरते बोलायचे, तर सात समुद्रांपलीकडचे हे बदक सिद्धेश्वरच्या हळदी-कुंकू बदकाला कमी धोक्याचे. जास्त धोका आहे तो जवळच्या भाऊबंदाचा.