आशा सोडण्याची ऐपत

निराश होणं सुखवस्तू माणसालाच परवडतं, हे मत सध्या आपल्याकडे फार खपतं. गेल्या उन्हाळ्यात एका व्याख्यानमालेत आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी ते असं ठणकावलं की सभागृह टाळ्यांनी दणाणलं. निराशा म्हणजे भरल्या पोटीचा ढेकर. धुणीभांडी करणारी बाई निराश होत बसत नाही, कामाला जाते, असा एकूण सूर. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती बाई नव्हती, हे सांगायला नकोच. आणि ती कामाला जाते म्हणजे ती आशावादी आहे, हे यांना कुणी सांगितलं? खाडा झाला की पैसे कापले जातात म्हणून जाते. 19 मार्च 1986 रोजी चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी-मुलांसह जगाचा निरोप घेतला, तोही काय ढेकर होता?

पण माझं खरं भांडण पुढे आहे. आशा हा सद्गुण आणि ती सोडणं हा दुबळेपणा, हे या मंडळींनी गृहीतच धरलेलं असतं. हा दाखला बघा: 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पेलला. मंदिराची दारं बंद झाली, रामनवमीच्या रथावरून दगड बरसले, गावोगावी सत्याग्रहींना त्रास झाला, तरी माणसं येत राहिली. अशा वेळी, मार्च 1934 मध्ये, बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्राने कळवलं की हे आता थांबवा. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हताच, त्यांच्यात चेतना यावी म्हणून होता. आता सारी ताकद राजकारणात आणि शिक्षणात लावू. पुढच्या वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि 1956 मध्ये नागपुरात ते करून दाखवलं. सवर्णांचं मन पालटेल ही आशा येवल्यात चारचौघांत टाकून दिली गेली. जरा धीर धरा, मनं बदलताहेत, असं सांगणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. हे सांगणारे अर्थातच मंदिरात जाऊ शकणारे होते.

इथे मात्र मला माझ्याच म्हणण्याला मुरड घालावी लागते. पुण्याच्या सदाशिव पेठेत एमपीएससीची तयारी करणाऱ्यांच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकवा. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, समोर चिकटपट्टीने लावलेला महाराष्ट्राचा नकाशा, खुर्चीवर गावाकडून आणलेली उशी, बाटलीखाली दबलेलं चालू घडामोडींचं मासिक. या परीक्षेला खुल्या वर्गाला वयाच्या 38 पर्यंत, मागासवर्गीयांना 43 पर्यंत मुभा. म्हणजे आशेलाही सरकारी मुदतवाढ आहे. कोथरूडचा मुलगा दोन अटेम्प्ट देतो, थांबतो आणि एमएस करायला जर्मनीला जातो. त्याला कुणी हरला म्हणत नाही, वेळेवर शहाणा झाला म्हणतात. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा मराठवाड्यातला मुलगा थांबू शकत नाही. त्याच्यासाठी वावर विकलंय, बहिणीचं लग्न लांबलंय, गावात त्याला आत्तापासूनच ‘साहेब’ म्हणतात. तो सोडतो म्हणाला की हे सगळं अंगावर येणार, म्हणून तो पुन्हा फॉर्म भरतो. त्याच्या या नाइलाजाला आपण चिकाटी म्हणतो आणि व्याख्यानांत त्याचे दाखले देतो.

परवडण्याचा मुद्दा खरा आहे, एवढं मी स्नेह्यांना द्यायला तयार आहे. पण गरिबाला परवडत नाही ते निराश होणं नव्हे. वेळेवर आशा सोडणं परवडत नाही.

मग काळारामाच्या सत्याग्रहींना ते कसं परवडलं? त्यांच्याकडे तर विकायला वावरही नव्हतं. मला वाटतं, त्यांना ती एकेकट्याने सोडावी लागली नाही. दगड खाल्लेला माणूस तोंड लपवत घरी गेला नाही. परिषद भरली, ठराव झाला, पुढे काय याची चर्चा झाली. अभ्यासिकेतला मुलगा सोडतो तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडतो. ऑगस्ट 2024 मध्ये हीच मुलं पुण्यात रस्त्यावर बसली होती. परीक्षेची तारीख पुढे ढकला, कृषीच्या जागा तिच्यात घ्या, या त्यांच्या मागण्या रास्त होत्या आणि परीक्षा पुढे ढकललीही गेली. पण ही परीक्षा सोडली तर आम्ही जगायचं कशावर, एवढाच प्रश्न घेऊन बसलेली पोरं मला अजून दिसलेली नाहीत. तो विचारायला आमचे उमेदवाले वक्ते त्यांना शिकवतील, याचीही सुतराम शक्यता नाही. त्यांची पुढची व्याख्यानं क्लासवाल्यांनीच ठरवलेली असतात.