काळ न्याय करत नाही

'व्हॅन गॉगचं हयातीत एकच चित्र विकलं गेलं. आज त्याची चित्रं कोट्यवधींना जातात. तेव्हा खचू नका, तुमचीही वेळ येईल.' या अर्थाचा मजकूर सूर्यफुलांच्या फोटोसकट दर काही महिन्यांनी माझ्या फोनवर येऊन पडतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मला खटकतो तो त्यातला 'तेव्हा'.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका यशस्वी उदाहरणावरून नियम काढायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्या वर्षी शिकवतात. ज्यांची चित्रं सापडली, त्यांचीच गोष्ट आपल्यापर्यंत येते. ज्यांची रद्दीत गेली, त्यांची मोजदाद कुणाकडे नाही. आणि व्हॅन गॉगची गोष्ट नीट पाहिली, तर तीही 'गुणांचं चीज होतंच' असं म्हणत नाही.

व्हिन्सेंटने चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना. त्याआधी चित्रांच्या दुकानातली नोकरी गेली होती, बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या भागातलं धर्मोपदेशकाचं कामही सुटलं होतं. पुढे मिळाली जेमतेम दहा वर्षं. त्यात त्याने साडेआठशेच्या आसपास तैलचित्रं केली. खर्च धाकटा भाऊ थिओ भागवायचा, महिन्याला साधारण दीडशे फ्रँक, पुढे त्याहून जास्त. व्हिन्सेंटला ते फार लागायचं. 1884मध्ये त्याने थिओपुढे प्रस्तावच ठेवला: तू पाठवतोस ते पैसे मदत म्हणून नको, माझ्या कामाचा मोबदला म्हणून धर, त्या बदल्यात चित्रं तुझी. भावाच्या पैशावर जगणाऱ्या माणसाने आपला मान शाबूत ठेवण्यासाठी केलेला हा हिशेब होता. म्हणून 'खऱ्या कलावंताला विक्रीची फिकीर नसते' असं कुणी म्हटलं की मला हे पत्र आठवतं. त्याला फिकीर होती. त्याला चित्रं विकायची होती, भावाचं ओझं हलकं करायचं होतं.

दुसरी एक समजूत म्हणजे वेदनेतूनच ती चित्रं आली. डिसेंबर 1888मध्ये आर्लला त्याने स्वतःचा कान कापला आणि पुढच्या मे महिन्यात तो आपणहून सां-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथे झटका आला की आठवडेच्या आठवडे त्याला धड काम करता येत नसे. चित्रं होत ती मधल्या बऱ्या दिवसांत. म्हणजे आजाराने चित्रं दिली नाहीत, चित्रांचे दिवस खाल्ले. त्याच्या दुःखाला कलेची किंमत म्हणणं आपल्याला सोपं जातं. मग त्या दुःखाबद्दल कुणी काही करायला हवं होतं, हा प्रश्नच उरत नाही.

आता तो 'काळाचा न्याय'. जुलै 1890मध्ये व्हिन्सेंट गेला, सदतिसाव्या वर्षी. सहा महिन्यांत थिओही गेला. मागे उरली थिओची बायको योहाना, वय अठ्ठावीस. पदरात एक वर्षाचं मूल, घरात न विकलेली शेकडो चित्रं आणि पत्रांची चळत. तिने हॉलंडमधल्या बुसुम गावी घर घेतलं, पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले, भाषांतरं केली आणि उरलेल्या वेळात चित्रं लोकांसमोर न्यायला सुरुवात केली. समीक्षकांना भेटली, प्रदर्शनं भरवली. सगळं एकदम विकून मोकळी झाली नाही. काय विकायचं आणि काय राखायचं ते विचार करून ठरवलं. 1905मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात साडेचारशेहून जास्त कामं तिने मांडली. पत्रं मात्र 1914पर्यंत छापली नाहीत. चित्रांची ओळख होण्याआधी माणसाच्या कहाणीबद्दल कुतूहल जागवणं हा त्याच्यावर अन्याय होईल, असं तिचं म्हणणं होतं. 1925मध्ये ती वारली, तोवर हे काम चालूच होतं.

चौतीस वर्षं. ज्याला आपण 'काळ' म्हणतो तो इथे एका बाईचे कष्ट आहे. ती नसती तर? व्हिन्सेंटच्या सुरुवातीच्या कामांच्या काही पेट्या ब्रेडा शहरात एका सुताराकडे पडून होत्या, त्या भंगारवाल्याकडे गेल्या आणि त्यातलं बरंच काही नष्ट झालं. त्या चित्रांना काळाने कोणता न्याय दिला?

1990मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं होताना, त्याने काढलेलं डॉ. गाशे यांचं चित्र सव्वाआठ कोटी डॉलरला विकलं गेलं. त्यातला एकही फ्रँक थिओच्या खात्यावर उलटा जमा होत नाही. मेलेल्या माणसाचं देणं फेडता येत नाही. आपण संग्रहालयाबाहेर रांग लावतो त्यात आनंद आपला असतो, परतफेड त्याची नसते.

मग पेट्यांबरोबर सगळंच भंगारात गेलं असतं, तर त्याची दहा वर्षं वाया गेली असती का? या प्रश्नावर मी बराच अडलो. मला वाटतं, नाही. पण ते 'कलेसाठी कला' म्हणून नव्हे. थिओ पैसे पाठवत होता तेव्हा 1990चा लिलाव कुणाच्या स्वप्नातही नव्हता. चित्रं बघून, पत्रं वाचून, भांडून, पुन्हा पाकीट पाठवून तो भावाला दर महिन्याला सांगत होता की तुझं काम चालू राहायला हवं. ही दखल वेळेवर पोचली. ती पुरली नाही, हेही खरं. एका माणसाच्या खांद्यावर ते सगळं यायला नको होतं.

आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं कुणीतरी असतं: दिवसभर नोकरी करून रात्री चित्रं काढणारी, कथा लिहिणारा, आठ लाइक मिळालेलं गाणं तरीही पुढच्या आठवड्यात नवं करणारा. त्यांच्यात व्हॅन गॉग कोण, हे आपल्याला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. त्यांना 'तुझीही वेळ येईल' म्हणणं म्हणजे आपलं काम काळावर ढकलणं. त्यापेक्षा या महिन्यात एक चित्र विकत घ्यावं. पैसे नसतील तर ते नीट बघावं, आणि काय दिसलं ते चार ओळींत लिहून पाठवावं.