मेंढपाळ पडला, तरी वचन उभे राहिले



धर्मगुरूचे पाऊल घसरले, तर त्याच्या हातून मिळालेला ख्रिस्तप्रसाद खरा राहतो का? त्याने दिलेला स्नानसंस्कार टिकतो का? पुढारीच कोसळला, तर मागे उरलेली माणसे ख्रिस्तसभा म्हणवून घेऊ शकतात का? १८३९ साली अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठी, काहीशे जर्मन स्थलांतरित ह्याच प्रश्नांनी हवालदिल झाले होते. ते कॅथलिक नव्हते, लुथरन होते. तरीही त्यांची कथा आपण ऐकावी, कारण त्यांचा प्रश्न आपलाही आहे.

हे लोक जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातले. त्या काळी तिथल्या अनेक धर्मपीठांवरून येशूचे चमत्कार आणि पुनरुत्थान केवळ तर्काच्या तराजूत तोलले जात होते. मार्टिन स्टेफान ह्या प्रवचनकाराच्या मागे सहाशेहून अधिक भाविक घरदार सोडून १८३८ च्या अखेरीस पाच जहाजांतून निघाले. त्यांतले एक जहाज समुद्रात नाहीसे झाले. प्रवासातच त्यांनी स्टेफान ह्यांना आपले बिशप मानले. पण मिसुरीत पोहोचून काही महिने होतात न होतात, तोच त्यांच्यावर अनैतिक वर्तनाचे आणि पैशांच्या गैरव्यवहाराचे आरोप आले. मे १८३९ मध्ये लोकांनी त्यांना पदावरून दूर केले आणि नदीपार पाठवून दिले.

मागे उरले ते भय. आपण मायदेश सोडला हेच पाप झाले का? आपले पाळक खरे पाळक आहेत का? आपले संस्कार खरे आहेत का? एप्रिल १८४१ मध्ये आल्टेनबर्ग ह्या वसाहतीत ह्यावर जाहीर वाद झाला. तेव्हा कार्ल वाल्थर ह्या एकोणतीस वर्षांच्या पाळकाने उत्तर दिले : ख्रिस्तसभा कोणा एका माणसाच्या पुण्याईवर उभी नसते. जिथे देवाचे वचन आणि ख्रिस्ताने स्थापन केलेले संस्कार आहेत, तिथे दोष असले तरी ख्रिस्तसभा आहे. लोकांच्या जिवात जीव आला. पुढे १८४७ साली शिकागोत ह्याच मंडळींनी इतर जर्मन लुथरनांसह एक संघ स्थापला. तो आज ‘लुथरन चर्च – मिसुरी सिनड’ ह्या नावाने ओळखला जातो.

ह्या परंपरानिष्ठ लुथरनांची श्रद्धा काय आहे? पवित्र शास्त्र हे देवप्रेरित आणि निर्दोष आहे. धर्मशिकवणुकीचा निवाडा त्यानेच व्हावा. १५८० च्या ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’मधील श्रद्धालेख शास्त्राशी जुळतात म्हणून त्यांचे पाळक ते स्वीकारण्याचे वचन देतात. त्यांची उपासनाही आपण समजतो तितकी वेगळी नाही. ते तान्ह्या बाळांना स्नानसंस्कार देतात. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे खरे शरीर व रक्त आहे असे मानतात. पाळकापाशी खाजगी पापकबुलीची प्रथा त्यांच्या श्रद्धालेखांनी राखली आहे. स्त्रियांना ते पाळकाची दीक्षा देत नाहीत. आणि ज्यांची श्रद्धा आपल्याशी एक आहे, त्यांनाच ते सामान्यतः प्रभुभोजनात घेतात. वेदीपाशी एकत्र येणे म्हणजे श्रद्धेत एक असणे, ही त्यांची भूमिका आपल्याला नवी वाटू नये.

पण फरक आहे, आणि तो झाकून प्रेम वाढत नाही. पोपपदाविषयी त्यांचे लेख अत्यंत कठोर आहेत. तारणाविषयीचे जे संयुक्त घोषणापत्र ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व लुथरन जागतिक महासंघ ह्यांनी स्वीकारले, त्यात मिसुरी सिनड सहभागी झाला नाही. मूळ फरक मात्र ह्या प्रश्नाचा आहे : शास्त्राचा अर्थ कोणी ठरवायचा?

त्यांच्याच इतिहासात हा प्रश्न उभा राहिला. सेंट लुईस येथील त्यांच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत बायबलचा अभ्यास कोणत्या पद्धतीने करावा ह्यावरून वाद पेटला. दोन्ही बाजू शास्त्राचा आदर करीत होत्या, पण शास्त्र एक असूनही अर्थ दोन निघाले. शेवटी १९७३ च्या अधिवेशनात बहुमताने निर्णय झाला, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये बहुसंख्य प्राध्यापक व विद्यार्थी सेमिनरी सोडून गेले. ग्रंथ स्वतःच निवाडा करतो असे म्हटले, तरी कोणाला तरी बोलावेच लागले. प्रेषितांच्या कृत्यांतील तो इथिओपियाचा अधिकारी आठवा. रथात बसून तो यशया वाचत होता, परंतु अर्थ सांगायला फिलिप जवळ यावा लागला. म्हणूनच १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने शिकवले की पवित्र शास्त्र, पवित्र परंपरा आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार हे एकमेकांना धरून उभे असतात. आणि हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे.

आता प्रश्न आपला. आपल्यापाशी हा अधिकार आहे खरा, पण त्याच्या आड आपला आळस तर लपत नाही ना? ‘फादर सांगतील’ असे म्हणून घरातले बायबल कपाटात धूळ खात पडते. वचनासाठी समुद्र ओलांडणाऱ्या त्या माणसांपुढे आपण काय सांगणार?

दुसरी गोष्ट आम्हा धर्मगुरूंना बोचणारी आहे. सेवकाच्या अपात्रतेने संस्कार निष्फळ होत नाही, हे संत अगस्तीन ह्यांनी फार पूर्वी शिकवले, आणि लुथरनांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग श्रद्धालेखानेही हेच मानले. म्हणून कोणा धर्मगुरूच्या पापामुळे वेदीकडे पाठ फिरवू नका. तिथे भेटतो तो ख्रिस्त आहे. पण संस्कार खरा राहतो, म्हणून गुन्हा झाकावा असा त्याचा अर्थ मुळीच नाही. त्या वसाहतीने चुकलेल्या पुढाऱ्याला दूर केले आणि वचन मात्र सोडले नाही. दुखावलेल्या माणसाला न्याय हवा, आणि श्रद्धावंताला ख्रिस्त हवा. एकासाठी दुसऱ्याचा बळी देता येत नाही.

ह्या आठवड्यापासून एक संकल्प करू या. शनिवारी रात्री जेवणापूर्वी दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान घरात कोणीतरी मोठ्याने वाचावे, लहान मुलाने वाचले तर अधिक चांगले. कळले नाही ते मिस्सानंतर आम्हाला विचारावे. कोणी लुथरन बंधू भेटला, तर वादाऐवजी त्याच्याबरोबर बायबलचे एक पान उघडावे.

एम्माउसच्या वाटेवर प्रभूने आधी शास्त्र उलगडले आणि मग भाकर मोडली. हे प्रभो, आमच्या घरी वचन आणि तुझ्या वेदीवर भाकर ह्यांची ताटातूट होऊ देऊ नकोस. आमेन.