नोंदवहीतील शून्य

शासकीय नोंदवहीतील शून्य दोन प्रकारचे असते. एक, रोग नाही म्हणून पडलेले. दुसरे, रोग कोणी शोधलाच नाही म्हणून राहिलेले. कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

२०२१ च्या जून-जुलैमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कोरोनाविषयीचे चौथे सिरो-सर्वेक्षण केले. रक्तात प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण मध्यप्रदेशातील सर्वेक्षित जिल्ह्यांत ७९ टक्के, तर केरळात ४४.४ टक्के निघाले. यात लसीकरणाचाही वाटा होता, हे खरे. पण केरळ त्यातही मागे नव्हते. तरीही तोवर नोंदलेले रुग्ण केरळातच कितीतरी अधिक होते. ज्याने अधिक शोधले, तोच कागदावर अधिक आजारी ठरला.

म्हणून आकडे टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. आकड्यांवाचून शासन आंधळे असते. परंतु केवळ त्यांवर विसंबणाऱ्या शासनाला तपासणी-केंद्राजवळची माणसेच दिसतात. मोहगावच्या आसपासचा जो मजूर दिवसाची मजुरी बुडवून सौंसरला तपासणीस जाऊ शकत नाही, त्याचा ताप नोंदीत येत नाही. मग औषधही त्याच्या दारी येत नाही.

येथे प्रश्न गणिताचा न राहता न्यायाचा होतो. रुग्णसंख्येशेजारी तपासण्यांची संख्या आणि न पोहोचलेल्या गावांची यादी मागणे, हे अधिकाऱ्याचे कर्तव्य होय. अधिक रुग्ण नोंदविणाऱ्या कर्मचाऱ्यास त्याबद्दल दोष दिला, तर पुढील वर्षी रोग घटणार नाही. नोंदवहीतील शून्ये तेवढी वाढतील.